हार्ड डिस्क फॉरमॅट झाली, आता पुढे काय?

(उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना त्या संध्याकाळी येता आले नाही त्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या आधी भावगीते आहेत आणि माझ्यानंतर भोजन आहे. या दोन्हींच्या मध्ये "हार्ड डिस्क" हा विषय घालण्याचे धाडस समितीने केले, त्याचे कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून एकच प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे. "संगणक दुरुस्तीला दिला होता, त्यांनी फॉरमॅट मारला. मुंजीचे फोटो गेले. काही होईल का हो?" या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो. संगणकात पुसणे आणि नाहीसे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमध्ये काही काळ जातो, आणि तो किती जाईल हे बऱ्याच अंशी आपल्या वागण्यावर ठरते.

फडताळातले डबे

आपल्या स्वयंपाकघरातले फडताळ डोळ्यांपुढे आणा. ओळीने डबे मांडलेले आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आहे: तूरडाळ, पोहे, साबुदाणा. शिवाय दाराच्या आतल्या बाजूस एक यादी चिकटवली आहे, कोणता जिन्नस कितव्या खणात आहे याची. आता कोणी ती यादी फाडली आणि चिठ्ठ्या काढल्या, तर फडताळ "रिकामे" झाले का? डाळ डब्यातच आहे. फक्त कुठे काय आहे ते कळेनासे झाले. मात्र आता फडताळ रिकामे आहे असे समजून कोणी त्याच डब्यात नवा जिन्नस भरला, तर जुना खरोखरच गेला.

हार्ड डिस्कचे असेच आहे. डिस्कवर लाखो लहान लहान खण असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. फाइल या खणांत असते आणि तिचे नाव, तारीख व पत्ता एका वेगळ्या सूचीत असतो. विंडोजमध्ये सध्या रूढ असलेल्या एनटीएफएस पद्धतीत या सूचीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांत फॅट नावाची जुनी पद्धत अजून चालते. तेथे आपण फाइल पुसतो तेव्हा संगणक फक्त नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ अशी एक खूण करतो, म्हणजे "हा डबा वापरायला मोकळा". आतल्या मजकुराला तो हातही लावत नाही. एवढी मोठी फाइल क्षणात कशी पुसली जाते याचे रहस्य हेच.

फॉरमॅट म्हणजे नेमके काय?

फॉरमॅट करताना "क्विक फॉरमॅट" असा एक चौकोन असतो आणि त्यात बहुधा आधीच बरोबरची खूण केलेली असते. ती खूण असेल तर संगणक नवी कोरी यादी लिहितो आणि थांबतो. जुना मजकूर जागच्या जागी असतो. एनटीएफएसमध्ये तर जुन्या यादीचाही बराचसा भाग शिल्लक राहतो, त्यामुळे पुष्कळदा फायली नावानिशी परत मिळतात.

ती खूण काढली तर "फुल फॉरमॅट" होतो. येथे एक महत्त्वाचा बदल लक्षात ठेवा. विंडोज एक्सपीपर्यंत फुल फॉरमॅटसुद्धा फक्त खण तपासत असे, जुना मजकूर तसाच राही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट प्रत्येक खणात शून्य लिहितो. म्हणजे डबे उपडे करून धुऊन ठेवतो. त्यानंतर काही परत येत नाही, आणि कोणी "आणून देतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त होतो: फॉरमॅट करून त्यावर पुन्हा विंडोज घालणे. येथे सी ड्राइव्हवर कित्येक गिगाबाइटचा नवा मजकूर लिहिला जातो. त्याखाली जे आले ते गेले, जे आले नाही ते वाचले. डी ड्राइव्ह वेगळा असेल तर तो बहुधा सुखरूप असतो. पण आपला "डेस्कटॉप" आणि "डॉक्युमेंट्स" हे दोन्ही सी ड्राइव्हवरच असतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

एका घरातली गोष्ट

आपल्यातल्याच एका कुटुंबाची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. आजी सातारकडच्या. त्यांच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या नातीने हौसेने मुद्रित करून संगणकात ठेवल्या होत्या. पुढे आजी गेल्या. संगणक मंद चालतो म्हणून घरातल्या मुलाने तो एका दुकानात नेला. दुकानदाराने विचारले, "भाई साहब, डेटा रखना है?" मुलगा म्हणाला, "नहीं, कुछ खास नहीं है." दुकानदाराने दोन्ही ड्राइव्ह मोडून एक केला, विंडोज घातले, यंत्र चकाचक करून दिले. ओव्या गेल्याचे लक्षात आले तीन आठवड्यांनी, नातीला आजीच्या वर्षश्राद्धासाठी त्या ऐकवायच्या होत्या तेव्हा. मधल्या काळात त्याच डिस्कवर सिनेमे उतरवून झाले होते.

निम्म्याहून अधिक ओव्या परत मिळाल्या. काही अर्ध्यावर तुटल्या होत्या, काही मिळाल्याच नाहीत. आजीच्या आवाजावर ज्या सिनेमाने जागा घेतली तो नंतर घरात कोणी पाहिलाही नाही. या गोष्टीत दोष एकट्या दुकानदाराला देता येत नाही, त्याने विचारले होते. मुलालाही देता येत नाही, त्या संगणकात आजी आहेत हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. घरातली मौल्यवान वस्तू कुठे ठेवली आहे हे घरातल्या एकालाच ठाऊक असणे, हाच खरा दोष.

पहिला उपाय: काही करू नका

तर फॉरमॅट झाल्याचे कळल्यावर काय करावे?

पहिले, संगणक बंद करा. त्यावर इंटरनेट पाहू नका, काही उतरवू नका. आपण काही न करता नुसते बसलो तरी विंडोज मागच्या मागे काही ना काही लिहीत असते. सर्वांत मोठी चूक म्हणजे फायली परत आणण्याचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर घालणे. म्हणजे हरवलेली अंगठी शोधण्यासाठी खोलीत वाळूच्या गोण्या आणून ओतण्यासारखे आहे.

दुसरे, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा. साटा ते यूएसबी अशी जोडणीची वायर मिळते. जोडल्यावर "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?" असे विंडोज विचारील. "नको" म्हणा. "चेकडिस्क"ही चालवू नका. ते यंत्राच्या सोयीसाठी याद्या दुरुस्त करते, आपल्या फायलींची त्याला फिकीर नसते.

तिसरे, डिस्कची जशीच्या तशी, खण-न्‌-खण नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढा आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करा. डीडीरेस्क्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर हे काम करते. वाचता येणारा भाग ते आधी उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते, त्यामुळे दुखऱ्या डिस्कवर ताण कमी पडतो.

चौथे, आता शोध. ड्राइव्हची विभागणीच हरवली असेल तर टेस्टडिस्क, नुकत्या पुसलेल्या फायलींसाठी रेक्युव्हा, आणि यादी पूर्ण नष्ट झाली असेल तर फोटोरेक. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी लिहिली असून दोन्ही मोफत आहेत. सापडलेल्या फायली तिसऱ्याच ठिकाणी साठवा, मूळ डिस्कवर कदापि नको.

आणि पाचवे. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, किंवा ती पडली, भिजली असेल, तर यातले काहीही करू नका. आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत असतात आणि वाचणारी सुई त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असते. अशा अवस्थेत प्रत्येक वेळी चालू करणे म्हणजे तबकडीवर ओरखडा. घरी पेचकस घेऊन उघडणे, फ्रीजरमध्ये ठेवणे, केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवणे हे सगळे ऐकीव इलाज आहेत. ते काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे.

नावाशिवाय ओळख कशी पटते?

यादीच नसेल तर फोटोरेकसारखे सॉफ्टवेअर फाइल ओळखते कशावरून? बोलण्याच्या पहिल्या वाक्यावरून माणूस वऱ्हाडचा की कोकणातला हे आपण ओळखतो, तसेच. प्रत्येक जातीच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते. जेपीईजी फोटो एफएफ डी८ या दोन बाइटांनी सुरू होतो. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतात. झिप आणि नव्या वर्डच्या फायली "पीके"ने सुरू होतात. ती झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत! सॉफ्टवेअर पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत चालत जाते, अशी सुरुवात दिसली की तेथून मजकूर उचलते.

यात दोन अडचणी येतात. एक, फायलींची नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने येतात, लग्न, मुंज आणि गॅस-सिलिंडरची पावती एकत्र. मात्र कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात तारीख लिहिलेली असते, तिच्यावरून वर्गवारी करता येते. दुसरी, फाइल तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या खणांत ठेवलेली असेल तर पहिला तुकडा मिळतो, पुढचे मिळत नाहीत. अर्धा फोटो नीट आणि खालचा राखाडी, असे दिसते ते यामुळे.

आपल्या मराठीची वेगळी अडचण

आता आपल्या स्मरणिकेशी थेट संबंध असलेली गोष्ट. परत मिळालेली मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, आणि आपण "खराब झाली" म्हणून ती टाकून देतो. थांबा. ती बहुधा धडधाकट असते. युनिकोड घरोघरी पोहोचण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे फॉन्ट वापरत होतो. त्यांत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठवली जात आणि फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे चढवी. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की कपडे उतरतात. तो फॉन्ट पुन्हा घातला की मजकूर दिसतो, आणि तो युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही आहेत.

पेजमेकरमध्ये जुळवलेल्या जुन्या अंकांचा प्रश्न आणखी कठीण. त्या सॉफ्टवेअरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली निघाली, नंतर ते बंद झाले. म्हणजे फाइल वाचली, पण वाचणारा उरला नाही. म्हणून ज्यांच्याकडे असे जुने काम असेल त्यांनी जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी त्याचे पीडीएफ करून घ्यावे आणि फॉन्टही सोबत जपावेत.

कल्पना चावलांच्या यानातील डिस्क

आशा किती धरावी, याचे एक उदाहरण. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीकडे परतताना फुटले आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. त्या यानात झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची नोंद ठेवणारी हार्ड डिस्क होती. साधारण सहा महिन्यांनी ती अवशेषांत सापडली, जळालेली आणि आत माती गेलेली. अमेरिकेतील क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. त्या प्रयोगाचा निबंध २००८ साली फिजिकल रिव्ह्यू ई या नियतकालिकात छापून आला.

हे कसे जमले? त्या संगणकावर जुनी डॉस प्रणाली होती, ती मजकूर विखरून न ठेवता एका जागी ठेवते. आणि तबकडीचा जो भाग बिघडला होता तेथे काही लिहिलेलेच नव्हते. त्याच यानातील आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच निघाले नाही. तेव्हा कौशल्याचा वाटा मोठा, पण नशिबाचाही आहे, आणि नशिबावर मुंजीचे फोटो ठेवू नयेत.

जेथे परतीची वाट नाही

आतापर्यंत सांगितले ते फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. त्यात ट्रिम नावाची सोय आहे, विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज सेव्हनपासून आली. फाइल पुसली किंवा फॉरमॅट केला की विंडोज डिस्कला "हे खण आता नको" असे कळवते आणि डिस्क स्वतःच ते आतून रिकामे करते. यंत्र वेगवान राहते, पण डबे धुतले जातात. कित्येकदा काही मिनिटांत.

मोबाइलचे आणखी कडक. हल्लीच्या मोबाइलमध्ये सगळा मजकूर कुलपात असतो. फॅक्टरी रिसेट केला की किल्लीच नष्ट होते. मजकूर असला तरी तो आता कोणालाही वाचता येणार नाही. बिटलॉकर चालू असलेल्या लॅपटॉपचेही तसेच. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा.

जुनी डिस्क विकताना

परत मिळते ही गोष्ट आपल्या सोयीची, तशीच ती धोक्याचीही आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या गार्फिंकेल आणि शेलत या दोघा संशोधकांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. १२९ चालू निघाल्या आणि त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत पत्रे, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. आपण नाझा मार्केटात किंवा कबाडीवाल्याला जुना संगणक देतो तेव्हा घरची कागदपत्रे त्यासोबत जातात. देण्यापूर्वी फुल फॉरमॅट करा. ३५ वेळा पुसावे लागते, ही समजूत जुनी झाली. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार साध्या हार्ड डिस्कसाठी सर्वसाधारणपणे एकदा पूर्ण पुनर्लेखन पुरेसे आहे.

भातखंड्यांनी काय केले?

मंडळी, हे सगळे इलाज आजार झाल्यानंतरचे. पथ्य एकच: एकापेक्षा अधिक प्रती. आणि हे पथ्य लखनौच्या मराठी माणसाला बाहेरून शिकण्याची गरज नाही.

पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे वकील. त्यांच्या काळी कित्येक चिजा एकेका घराण्याच्या, एकेका उस्तादाच्या कंठात होत्या. उस्ताद गेले की चीज गेली. भातखंडे देशभर हिंडले, त्यांनी चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या, तेही मराठीत. १९२६ साली त्यांच्याच पुढाकाराने येथे मॅरिस कॉलेज निघाले, तेच आज कैसरबागेतले भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. कंठात एक, कागदावर एक, आणि शिष्यांच्या कंठांत अनेक: ही प्रती ठेवण्याची रीतच होती. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते वारले, तो गणेश चतुर्थीचा दिवस होता. पण चिजा राहिल्या.

आज छायाचित्रकार आणि संगणकवाले "तीन-दोन-एक" असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्याला हे सोपे आहे. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक इंटरनेटवरच्या साठवणीत किंवा दिवाळीला गावी जाताना नागपूर-पुण्याच्या भावाकडे. जुन्या सीडी असतील तर त्या आताच उतरवून घ्या, त्यांचा थर वयानुसार खराब होतो.

आणि प्रत उघडून पाहा. १९९८ साली पिक्सारमध्ये टॉय स्टोरी २ या चित्रपटाचे काम एका चुकीच्या आज्ञेने पुसले जाऊ लागले. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचे तेव्हाच कळले! बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकात प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला.

आपण खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो. हल्ली संगणकालाही हळदकुंकू लावतो. माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी हळदकुंकू लावण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, त्यातली एक फाइल उघडून पाहावी आणि तो कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगावे. लखनौची रीत "पहले आप". आपण तिला जोड देऊ: पहले बॅकअप, नंतर फॉरमॅट.

समितीलाही एक सुचवतो. ज्यांच्याकडे जुन्या स्मरणिका, उत्सवाचे फोटो, नाटकांच्या ध्वनिफिती असतील त्यांनी त्या समितीकडे द्याव्यात. आपण त्यांच्या तीन प्रती करू आणि मूळ वस्तू परत देऊ. तोपर्यंत एक दिलासा आहे. ही छापील स्मरणिका शे-दीडशे घरांत जाते. एवढ्या ठिकाणी असलेली प्रत एका फॉरमॅटने पुसली जात नाही. म्हणून ती रद्दीत घालू नका!

 गणपती बाप्पा मोरया!